लेकीच्या आर्किटेक्चरसाठी ग्राफिक्स कार्ड: ५०६० की वापरलेलं ३०६०, आणि त्याआधी काय

ताईंनी विचारलेलं थोडक्यात असं. घर नाशिकच्या इंदिरानगरला, लेक आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला. २०१९ मध्ये असेंबल करून घेतलेला पीसी आहे. त्यात आय५ ९४००एफ प्रोसेसर, एच३१० बोर्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी कार्ड, '४५० वॉट' लिहिलेला लोकल एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), फुल एचडी मॉनिटर आणि ६०० व्हीएचा यूपीएस. लुमियनमध्ये, म्हणजे इमारतीची खरीखुरी वाटणारी चित्रं रेंडर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, मोठा सीन उघडला की मशीन अडकतं, कधी मेमरी संपल्याचा मेसेज देऊन बंद पडतं. बजेट ३० ते ३५ हजार. एक दुकानदार म्हणतो नवं आरटीएक्स ५०६० टाका, दुसरा म्हणतो सगळा पीसीच बदला. आणि लेकीच्या एका सीनियरकडे वापरलेलं आरटीएक्स ३०६०, १२ जीबीचं, विकायला आहे.

ताई, माझं मत आधीच सांगून टाकतो. कार्ड चांगल्या अवस्थेत असेल तर ३०६० घ्या, पण ते सगळ्यात शेवटी. पहिला खर्च एसएमपीएसचा, दुसरा रॅमचा, तिसरा कार्डाचा. आपल्याकडे उलटं होतं. कार्डावर सगळे पैसे संपतात आणि "तोच एसएमपीएस चालू दे, काही होत नाही" असं म्हणून गाडी पुढे ढकलली जाते. मग महिन्याभरात मशीन रेंडर करता करता आपोआप रीस्टार्ट व्हायला लागतं आणि सगळे कार्डाला शिव्या घालतात.

मुळात दुखणं काय आहे ते बघू. लुमियन, एनस्केप, डी५ ही मंडळी जवळजवळ पूर्ण ग्राफिक्स कार्डावर चालतात आणि सीनमधलं सगळं कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत भरतात. एक ४के टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागावर चढवायचं चित्र घ्या, ४०९६ बाय ४०९६ पिक्सेलचं. प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरले तर न दाबता ते ६४ एमबी होतं. विटांच्या भिंतीच्या एका मटेरिअलला रंगाचा एक मॅप, खडबडीतपणाचा एक, उठावाचा एक, असे तीन लागले की २०० एमबीच्या आसपास गेलात. अशी दहा मटेरिअल म्हणजे २ जीबी. सॉफ्टवेअर टेक्श्चर दाबून ठेवतं म्हणून प्रत्यक्षात एवढं लागत नाही, पण त्यावर झाडं, गाड्या, माणसं, गवत आणि विंडोजचा स्वतःचा वाटा धरा. ४ जीबी कुठे संपते ते कळतही नाही. म्हणजे तुमच्या लेकीचं कार्ड हळू आहे हे खरं, पण बंद पडतं ते मेमरी भरल्यामुळे. म्हणूनच इथे वेगापेक्षा मेमरीचा आकडा आधी बघायचा.

खात्री करायची असेल तर एक पैसाही न खर्चता करता येते. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड) निवडा, आणि जो सीन अडकतो तो लेकीला उघडायला सांगा. खाली 'डेडिकेटेड जीपीयू मेमरी' लिहिलेलं असतं. ते ३.८-३.९ ला टेकलं आणि शेजारची 'शेअर्ड' मेमरी फुगायला लागली, तर निदान झालं. त्याच वेळी साध्या रॅमचा आकडाही बघा. ८ जीबीच्या मशीनवर तो नव्वद टक्क्यांच्या वरच असणार. याउलट स्केचअपमध्ये मॉडेल फिरवताना झटके बसत असतील तर तो बराचसा प्रोसेसरच्या एका कोरचा मामला आहे, ऑटोकॅडचंही तसंच. तिथे कोणतंही कार्ड टाकलं तरी फार फरक पडणार नाही, हे तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे नंतर नाराजी नको.

आता ५०६० का नको. कार्ड वाईट अजिबात नाही. मे २०२५ मध्ये आलेलं आहे, गेममध्ये ३०६० ला सरळ मागे टाकतं, आणि १४५ वॉटच खातं. पण मेमरी ८ जीबी, आणि ते स्लॉटच्या सोळापैकी आठच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतं. नव्या बोर्डावर त्याने काही बिघडत नाही. तुमच्या ९४००एफवर स्लॉट पीसीआय एक्सप्रेस ३.० चा आहे, तिथे आठ लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी डेटा जातो. कार्डाच्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी आहे. सीन ८ जीबीत मावला तोवर मजा. मावला नाही की उरलेलं साध्या रॅममधून त्या आठ लेनमधून आणावं लागतं, आणि मुंबई-आग्रा हायवेवरून सुसाट आलेली गाडी नाशिकच्या द्वारका चौकात अडकावी तसं होतं. ३०६० सोळाच्या सोळा लेन वापरतं आणि १२ जीबी असल्याने तशी वेळही कमी येते. शिवाय नवं ५०६० घेतलंत तर बजेट जवळपास तिथेच संपतं, एसएमपीएसला काही उरत नाही.

अजून एक बारीक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. त्या काळात असेंबल झालेल्या बऱ्याच मशिनींवर विंडोज जुन्या पद्धतीने, म्हणजे लेगसी मोडमध्ये टाकलेली असते. ५०६० मालिकेची कार्डं अशा मोडमधल्या काही बोर्डांवर सुरू होताना काळी स्क्रीन दाखवत होती, म्हणून एनव्हिडियाने त्यांच्यासाठी फर्मवेअर अपडेटचं टूलही काढलं. तुमचं कुठल्या मोडमध्ये आहे ते स्टार्ट मेनूतल्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड' या ओळीत दिसेल. लेगसी असेल तर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सीएसएम, म्हणजे हा जुना मोड चालू ठेवणारी सेटिंग, बंद करू नका, विंडोज उठणारच नाही. आधी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते. विंडोजमध्येच त्याचं टूल आहे, डेटा न उडवता काम होतं, पण बॅकअप घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. कार्ड कुठलंही घ्या, हे काम कधीतरी करायचंच आहे, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ ला यूईएफआय, म्हणजे लेगसीच्या जागी आलेला नवा मोड, लागतो. तुमचा प्रोसेसर ११ च्या यादीत बसतो, ती काळजी नको.

इंटेलचं आर्क बी५८० कुणी सुचवलं तर नाही म्हणा. १२ जीबी आहे, भाव चांगला आहे, पण त्याला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बोर्डाची सोय) लागतंच आणि जुन्या प्रोसेसरवर ते ढेपाळतं. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी हे अशा जुन्या बोर्डासाठी खरंतर फार छान, सोळा लेन वापरतं. पण बजेटच्या बाहेर जातं, आणि उद्या लेक ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरकडे वळली तर तिथे एनव्हिडिया सरस आहे.

दुसऱ्या दुकानदाराचं 'सगळा पीसी बदला' हे तुमच्या बाबतीत मला पटत नाही. चौथ्या पिढीचा आय५ आणि एच८१ बोर्ड असता तर मीही तेच म्हटलं असतं. सहा कोरचा ९४००एफ कॉलेज संपेपर्यंत आरामात रेटेल. तिला नोकरी लागली की ती स्वतःच्या पैशाने हवं ते घेईल.

आता एसएमपीएस. कॅबिनेटची बाजूची पट्टी उघडा आणि डब्यावरचा स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरातला ४५० सोडून द्या, खालच्या तक्त्यात १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. लोकल मालावर तिथे १४-१६ असं काहीतरी असतं. १६ गुणिले १२, म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही जेवतात ते याच १२ व्होल्टवर, बाकीचे व्होल्टेज त्यांच्या कामाचे नाहीत. ९४००एफ जोर लावल्यावर ६५ च्या वर जातो, बोर्ड, डिस्क, पंखे यांचे ४०-५०, आणि ३०६० चे १७०. तीनशेच्या घरात गेलात, आणि कार्ड क्षणभरासाठी त्याहून मोठा घास घेतं ते वेगळंच. १०५० टीआय आजवर कसं चाललं? कारण ते ७५ वॉटचं आहे, बहुतेक मॉडेलना वेगळी केबलसुद्धा लागत नाही, स्लॉटमधूनच भागतं. ३०६० ला आठ पिनची केबल लागते आणि तुमच्या एसएमपीएसला ती बहुधा नसेलच. मग कुणीतरी मोलेक्सचा, म्हणजे जुन्या चार पिनच्या प्लगचा, कन्व्हर्टर लावून देतो. तो लावू देऊ नका. त्या पातळ वायरी तापून प्लग वितळलेले मी टेबलावर घेतलेत, पिवळी वायर तपकिरी झालेली असते आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास कॅबिनेट उघडल्या उघडल्या येतो.

एनव्हिडिया ३०६० साठी ५५० वॉट सांगते. तेवढाच, नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का) असलेला, १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या वर असलेला घ्या. ६५० मिळत असेल आणि फरक थोडा असेल तर ६५०. हा मात्र नवाच घ्यायचा, बिलासकट. वापरलेला एसएमपीएस मी फुकट मिळाला तरी लावत नाही.

बसवताना एक लक्षात ठेवा. नव्या एसएमपीएसमध्ये आठ पिनच्या दोन जातींच्या केबल असतात. चार अधिक चार अशी फुटते ती प्रोसेसरची, सहा अधिक दोन अशी फुटते ती कार्डाची. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट्या बाजूंना आहेत. खाचा वेगळ्या असतात, पण दाबून बसवणारे महाभाग आहेत. नुसती बसत नसेल तर ती केबल चुकीची आहे, जोर लावायचा नाही. आणि जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला जोडायच्या नाहीत, प्लग बसला तरीही नाही.

रॅमचं छोटंसं काम आहे. तुमच्या बोर्डावर दोनच स्लॉट आहेत, एक रिकामा. ८ जीबी डीडीआर४ २६६६ ची आणखी एक स्टिक टाका. १६ जीबी होईल आणि रॅमचे दोन्ही चॅनेल (डेटाचे रस्ते) चालू होतील. डीडीआर४ हल्ली महागली आहे, पण रॅम वापरलेली घ्यायला हरकत नसते, टेस्ट करून घेतली की वर्षानुवर्षं चालते.

वापरलेलं कार्ड बघायला जाल तेव्हा घाई नको. सीनियर ओळखीचा आहे ही चांगली गोष्ट, पण कार्ड त्याने कुणाकडून घेतलं ते विचारा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (कार्डांवर गणितं करून नाणी मिळवणं) बंद झालं आणि तेव्हा दिवसरात्र तापलेली कार्डं ढिगाने बाजारात आली, ३०६० त्यातही बरीच होती. मायनिंगचं कार्ड म्हणजे लगेच बाद असं मी मानत नाही, चिप बहुतेकदा शाबूत असते. जातात ते पंखे आणि थर्मल पॅड. पंखा बोटाने हलकेच फिरवा, खरखर किंवा डुगडुग जाणवली तर भाव पाडा. हीटसिंकच्या कडेला तेलकट ओघळ दिसला तर पॅडचं तेल सुटलंय, पॅड बदलण्याचा खर्च धरा. मागच्या लोखंडी पट्टीवर आणि स्क्रूंवर गंजाचे ठिपके दिसले तर कार्ड मुंबईच्या खाऱ्या हवेत राहिलेलं असू शकतं. नाशिकमध्येच वापरलेल्या कार्डाला असा गंज मी क्वचित बघतो. इथल्या कार्डात धूळ मात्र पोतंभर, त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदलेले, म्हणजे बघायलाच नको.

मग त्याच्याच मशीनवर लावून दाखवायला सांगा. जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवा. मेमरी १२ जीबी आणि बस १९२ बिट दिसली पाहिजे. ३०६० ची एक ८ जीबीची धाकटी आवृत्ती आहे, १२८ बिटची, ती १२ च्या भावात गळ्यात मारली जाते. बायोस बदलून जुन्या चिपला नव्या कार्डाचं नाव दिलेलं असेल तर हे सॉफ्टवेअर बरेचदा नावापुढे 'फेक' असं लिहून येतं. त्यानंतर कार्डाला ताण देणारं फरमार्क पंधरा-वीस मिनिटं, आणि ओसीसीटी या सॉफ्टवेअरमधली व्हीरॅम (कार्डाच्या मेमरीची) टेस्ट. ही दुसरी चुकवू नका. तुमच्या लेकीला मेमरी शेवटच्या जीबीपर्यंत वापरायची आहे, आणि फरमार्कला त्यातली थोडीशीच पुरते. तापमान ८० च्या आत, स्क्रीनवर ठिपके नाहीत, हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात तापलेला बिंदू) आणि नेहमीच्या तापमानात फार तर पंधरा-वीस अंशांचं अंतर, एवढं असलं की पैसे द्या. बॉक्सवरचा आणि कार्डावरचा सीरियल नंबर जुळवा. वॉरंटी बहुतेक कंपन्यांची तीन वर्षांची असते, त्यामुळे २०२१-२२ च्या कार्डाची संपलेलीच धरा आणि भाव त्या हिशेबाने करा.

कार्ड नापास झालं तर? एम. जी. रोड, कॅनडा कॉर्नरला दोन-चार ठिकाणी विचारा, एक्स्चेंजमध्ये आलेली कार्डं असतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातच जायचं असेल तर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन दादरला उतरा, तिथून लोकलने ग्रँट रोड, संध्याकाळच्या पंचवटीने परत. रविवार सोडून जा. पण वापरलेल्या मालासाठी मी नाशिकच बरं म्हणेन. तक्रार घेऊन पुन्हा त्याच दारात उभं राहता येतं, आणि त्या एका गोष्टीने विकणाऱ्याची भाषा बदलते.

बसवणं लेक स्वतः करू शकते, अवघड काही नाही. आधी कॅबिनेटच्या आतून कार्डाची जागा मोजा. ३०६० ची दोन पंख्यांची बरीच मॉडेल २० ते २५ सेंटीमीटर असतात, तीन पंख्यांची ३० च्या आसपास, आणि २०१९ च्या स्वस्त कॅबिनेटमध्ये पुढचा हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो. भिंतीवरचं बटण बंद करून प्लग काढा, पॉवरचं बटण दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या धातूला हात लावून मग काम सुरू करा, नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत स्वेटर घातलेल्या हाताने तर नक्कीच. जुनं कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाला छोटी प्लॅस्टिकची कडी असते, ती दाबल्याशिवाय ओढलंत तर स्लॉटच उपटून येतो. नवं बसताना टक असा आवाज येतो. स्क्रू दोन्ही लावा, कार्ड जड असतं.

मॉनिटरची वायर कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. ९४००एफमधल्या 'एफ'ला आतलं ग्राफिक्स नाही, बोर्डावरची भोकं नुसती शोभेची. मॉनिटर जुन्या व्हीजीएवर चालत असेल तर ३०६० ला ते भोकच नाही, एचडीएमआय केबल घेऊन ठेवा. ड्रायव्हर दोन्ही कार्डं एनव्हिडियाची असल्याने साधा 'क्लीन इन्स्टॉल' पुरतो. गेम रेडीऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर टाका, तिच्या कामाला तो बरा.

यूपीएसबद्दल. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. नुसतं ड्रॉइंग चालू असताना लाइट गेली तर फाइल सेव्ह करून बंद करण्याइतका वेळ मिळेल. रेंडर चालू असताना गेली तर तो ओरडून बसण्याची शक्यता बरीच आहे, आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल ते महावितरणलाही सांगता येत नाही. १००० व्हीएचा नंतर कधीतरी घ्या. तोवर रात्रभराचं रेंडर लावताना फ्रेम-फ्रेम सेव्ह होणारी सेटिंग ठेवायला सांगा, सलग व्हिडिओ नको. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर नवं कार्ड बसवण्याआधी वायरमन बोलावून अर्थिंग बघून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटरवर दोन-तीन व्होल्टच्या वर दिसायला नको.

उन्हाळ्याचंही आत्ताच सांगून ठेवतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० वर जातो आणि बहुतेक घरांत कॅबिनेट कॉम्प्युटर टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडलेलं असतं. ते बाहेर काढा. शिवाय आफ्टरबर्नर या फुकट सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. रेंडरला थोडासाच जास्त वेळ लागतो, पण कार्ड थंड राहतं आणि पंख्याचा आवाज निम्म्यावर येतो.

१०५० टीआय लगेच विकू नका. त्याचे नियमित गेम ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात, त्यामुळे भाव तसाही फारसा येणार नाही. उलट ३०६० नाटक करायला लागलं तर याच्याशिवाय तुमच्या मशीनवर स्क्रीनच येणार नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री ते कपाटात असलेलं बरं.